पाठीवरचे ओझे आणि एका रात्रीची सुटी

ओझे हा कामगार चळवळीचा फार जुना विषय आहे. शंभर किलोचे पोते माणसाच्या पाठीवर असावे की नसावे, या प्रश्नावर हमालांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे झगडा दिला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ साली ओझ्याच्या कमाल मर्यादेविषयी स्वतंत्र करार केला. त्याच्या जोडीला जी शिफारस आली, तिने प्रौढ पुरुषाने अंगावर वाहावयाच्या ओझ्याची हद्द ५५ किलो सांगितली आणि स्त्रियांसाठी ती याहून बरीच कमी ठेवावी असे बजावले. मालकाने लादलेल्या ओझ्याचा हिशेब आपण असा काटेकोर ठेवतो. पण सुटीच्या दिवशी आपणच आपल्या पाठीवर जे ओझे चढवतो, त्याचा हिशेब कोणी मांडीत नाही. आज तो मांडावयाचा आहे.

विषय अगदी साधा आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातले एखादे कामगार जोडपे आयुष्यात पहिल्यांदा एका रात्रीसाठी डोंगरात जाणार आहे. सामान पाठीवर घ्यावयाचे, पायी चालावयाचे, रात्री मुक्काम करावयाचा आणि दुसऱ्या दिवशी परत यावयाचे. तर बरोबर काय घ्यावे आणि काय घरी ठेवावे?

काही मित्र म्हणतील, युनियनच्या माणसाला हे नसते उद्योग कशाला? पगारवाढीचे बोला, कंत्राटी कामगारांचे बोला. ते आम्ही बोलतोच. परंतु सुटी ही काही आभाळातून पडलेली वस्तू नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी रविवारची सुटी पदरात पडली. १९४८ च्या कारखाने कायद्याने दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस भरपगारी रजा बांधून दिली. बाहेरच्या जगातही हीच गोष्ट घडली. व्हिएन्नात १८९५ साली समाजवादी कामगारांनी 'निसर्गमित्र' नावाची संघटना काढली, ती कामगाराला रविवारी डोंगरात नेण्यासाठी. इंग्लंडात १९३२ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टर-शेफील्डकडचे तरुण कामगार किंडर स्काउट या जमीनदारांनी अडवून ठेवलेल्या डोंगरावर शेकड्यांनी चढले, आणि त्यांतल्या पाच जणांना तुरुंगात जावे लागले. फ्रान्समध्ये १९३६ साली दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, तेव्हा सायकली आणि पाठपिशव्या घेतलेल्या कामगारांनी रस्ते फुलून गेले. तात्पर्य, डोंगरातली रात्र ही श्रीमंतांची चैन नव्हे. ती मिळवलेल्या हक्काचा एक उपयोग आहे. आणि मिळवलेली वस्तू नीट वापरता येणे हेही शिक्षणच होय.

आता आपल्याकडची परिस्थिती पाहा. पिंपरी-भोसरीकडच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते, तर इतर अनेक कचेऱ्या-आस्थापनांची रविवारी. समजा, तो चाकणला प्रेस शॉपमध्ये आहे आणि त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. ती भोसरीत पॅकिंग विभागात आहे. एकाची रात्रपाळी संपते तेव्हा दुसऱ्याची सकाळची बस सुटते. घर म्हणजे दोन खोल्या. त्यांत सासू-सासरे, एखादा शिकणारा दीर. अशा घरात नवरा-बायकोला सलग दोन तास निवांत बोलावयास मिळत नाहीत. या दोघांनी सुटीला जोडून एकेक रजा काढली तर ती रजा किती मोलाची, हे सांगावयास नको. आणि ती मोलाची रजा बहुतेक वेळा एकाच कारणाने वाया जाते. सामान फार होते. दुपारपर्यंत खांदे भरून येतात, तोंडे उतरतात, 'हे कशाला घेतलेस' यावरून धुसफूस सुरू होते आणि डोंगर पाहण्याऐवजी दोघे एकमेकांच्या पिशव्या पाहत चालतात.

म्हणून पहिला प्रश्न सामानाचा नाही, ठिकाणाचा आहे. ठिकाण असे निवडावे की निम्मे सामान आपोआपच गळावे. आमच्या मते पहिल्या मुक्कामाला राजमाचीसारखे ठिकाण नाही. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी यांपैकी कोणत्याही स्टेशनावर लोणावळ्याची लोकल धरता येते. लोणावळ्याहून तुंगार्ली धरणाच्या बाजूने निघालेली वाट सुमारे पंधरा किलोमीटर चालून उधेवाडी या गावी पोहोचते. वाट लांब आहे, पण बहुतांशी रुंद आणि सोपी आहे. अंगावर येणारा चढ तिच्यात फारसा नाही. गावाच्या डोक्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, मध्ये भैरवनाथाचे देऊळ, जवळच तळे आणि त्याच्या काठी शंकराचे जुने मंदिर. गावातल्या घरांत आधी कळवले तर पिठले-भाकरीचे जेवण मिळते आणि पडवीत किंवा खोलीत झोपावयाची सोय होते. मुक्काम गावातच करावा, गडावर करू नये. गड हे जुने वास्तुधन आहे, तेथे चूल पेटवणे योग्य नाही. शिवाय गावात चार पैसे दिले तर ते आपल्यासारख्याच कष्टकऱ्याच्या हाती पडतात.

एवढा एक निर्णय झाला की तंबू गेला, शेगडी गेली, भांडी गेली, शिधा गेला. ओझे कमी करण्याचे सर्वांत मोठे काम पिशवी उघडण्यापूर्वीच होऊन जाते, ते असे.

याच परिसराचा इतिहास हाच धडा देतो. १६६१ च्या आरंभी शाहिस्तेखानाने कारतलबखानाला मोठी फौज देऊन लोणावळ्याजवळून घाट उतरून कोकणात धाडले. फौजेबरोबर तोफा, दारूगोळा, तंबू, बाजारबुणगे असा प्रचंड पसारा होता. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीच्या दाट रानात ही फौज अरुंद वाटेवर अडकली. तिला पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, पाणीही मिळेना. शिवाजी महाराजांच्या हलक्या, चपळ माणसांनी तिला कोंडीत धरले, आणि अखेर सगळा पसारा तेथेच टाकून खानाला जीव वाचवावा लागला. सह्याद्रीत ओझे हा शत्रूचा मित्र असतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

आता थोडे गणित. माणसाचे एक पाऊल सरासरी सत्तर सेंटिमीटरचे धरले तर पंधरा किलोमीटरला सुमारे एकवीस हजार पावले पडतात. पाठीवर एक किलो अनावश्यक असेल तर तो एकवीस हजार वेळा उचलला गेला. घरी पिशवी हातात धरून 'फार नाही, एक किलोच तर आहे' असे जे वाटते, त्यात फसगत आहे ती हीच. घरात आपण वजन एकदा उचलतो, वाटेवर ते प्रत्येक पावलाला उचलतो. ज्याने असेंब्ली लाइनवर आठ तासांत एकच नट हजार वेळा आवळला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

निवड कशी करावी? आपल्या पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांच्या भिंतीवर जपानी '५ एस'चा तक्ता टांगलेला असतो. त्यातली पहिली पायरी 'सेइरी', म्हणजे लागणारे आणि न लागणारे वेगळे करणे. न लागणाऱ्या वस्तूला लाल चिठ्ठी लावतात. कंपनीने आपल्या फायद्यासाठी शिकवलेली ही विद्या एकदा आपल्या पाठीच्या फायद्यासाठी वापरून पाहावी. निघण्याच्या दोन दिवस आधी सगळे सामान सतरंजीवर मांडावे आणि प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू या चोवीस-तीस तासांत नक्की वापरली जाईल काय? हिचे काम बरोबरची दुसरी वस्तू करू शकेल काय? आणि ही नसली तर जीवाला किंवा आरोग्याला धोका आहे काय? पहिल्याचे उत्तर 'नाही', दुसऱ्याचे 'होय' किंवा तिसऱ्याचे 'नाही' आले म्हणून घाईने निकाल लावू नये. तिन्ही उत्तरे एकत्र तोलावीत. औषधाची पुडी कदाचित वापरली जाणार नाही, पण तिसऱ्या प्रश्नाच्या बळावर ती पिशवीत राहते. तिसरा शर्ट कदाचित वापरला जाईल, पण तो नसल्याने कोणाचे काही बिघडत नाही. त्याला लाल चिठ्ठी.

कपड्यांचे तत्त्व एकच. अंगावर एक जोड, पिशवीत एक जोड. सुती कापड घामाने भिजले की जड होते, लवकर वाळत नाही आणि संध्याकाळच्या वाऱ्यात अंग गार करते. म्हणून चालताना कंपनीच्या कार्यक्रमात मिळणारा पॉलिएस्टरचा टी-शर्ट चांगला. तो हलका असतो आणि वारा लागताच वाळतो. सुती जोड कोरडा ठेवावा आणि रात्री झोपताना घालावा. थंडीला लोकरीचा एक स्वेटर आणि कानटोपी पुरते. डोक्यावरून, कानांवरून बरीच ऊब निघून जाते, आणि शंभर ग्रॅमची टोपी ती वाचवते.

पायांविषयी विशेष सांगावयाचे आहे. आपल्यापैकी पुष्कळजण कारखान्याचे सेफ्टी शूज घालून डोंगरात जातात, कारण ते मजबूत असतात आणि फुकट मिळालेले असतात. त्यांच्या टोकाला पोलाद असते, आणि त्यामुळे जोडीचे वजन सहज किलोच्या पुढे जाते. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले की पायांना बांधलेले ओझे वाहण्यास धडावरच्या तेवढ्याच ओझ्याच्या चार ते सहा पट शक्ती खर्च होते. कारण उघड आहे. धडावरचे ओझे जवळपास एका रेषेत पुढे सरकते, पायातले ओझे मात्र प्रत्येक पावलाला उचलावे, पुढे फेकावे आणि थांबवावे लागते. तेव्हा सेफ्टी शूज मशीनपाशीच शोभतात. वाटेसाठी तळाला खाचा असलेले, पायाला सरावलेले हलके बूट घ्यावेत. नवे कोरे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत.

अंथरुणाचे म्हणाल तर लोक पांघरुणावर भर देतात आणि अंथरुण विसरतात. वास्तविक रात्रभर उष्णता खेचून घेते ती जमीन. शेणाने सारवलेल्या गार पडवीत जाड रग पांघरूनही माणूस कुडकुडतो, कारण अंगाखाली दाबले गेलेले कापड ऊब धरीत नाही. म्हणून दोघांत मिळून फोमची एक पातळ, हलकी पट्टी किंवा जाड ताडपत्री खाली घ्यावी आणि वर माणशी एक चादर. हिवाळ्यात स्वेटर-टोपीसह एवढे पुरते.

आता प्रत्यक्ष हिशेब. ऋतू हिवाळ्याचा धरू. माणशी रिकामी पिशवी ८०० ग्रॅम, चादर १२००, स्वेटर ४००, कपड्यांचा एक जोड ५००, टोपी-मोजे १५०, दात घासणे वगैरे १००, छोटी बॅटरी १००. बेरीज ३,२५० ग्रॅम. त्यात दोन लिटर पाणी बाटल्यांसह २,१०० ग्रॅम. म्हणजे प्रत्येकाचे स्वतःचे ओझे ५,३५० ग्रॅम. दोघांत मिळून लागणाऱ्या वस्तू अशा: खालची ताडपत्री ५००, औषधे २५०, चाकू-काडेपेटी १००, वाटेतली शिदोरी १,०००. बेरीज १,८५०. दोघांचे एकूण साडेबारा किलो.

हेच जोडपे विचार न करता निघाले तर काय होते ते पाहा. चादरींऐवजी दोन जाड रग घेतले की अडीच किलो वाढले. 'तिथे काही मिळाले नाही तर' म्हणून शेगडी, भांडी, तांदूळ-पीठ घेतले की पाच किलो वाढले. 'असू द्या' म्हणून घेतलेल्या जादा कपड्यांचे तीन किलो. साडेबाराचे तेवीस झाले, आणि त्यांतली एकही वस्तू अशी नाही की जिच्यावाचून उधेवाडीत अडले असते. 'असू द्या' हा शब्द सर्वांत जड आहे.

यानंतर वाटणीचा प्रश्न येतो, आणि तो आमच्या मते या विषयाचा गाभा आहे. आम्ही आयुष्यभर कामाची आणि दामाची न्याय्य वाटणी मागत आलो. ती मागणी घराच्या उंबऱ्याशी थांबावी हे बरे नव्हे. अर्धे-अर्धे ओझे ही वाटणी दिसावयास समान असते, पण न्याय्य नसते. ओझे शरीराच्या वजनाच्या प्रमाणात असावे. समजा, तो ६४ किलोचा आहे आणि ती ५२ किलोची. सामाईक वस्तू त्याने घेतल्या तर त्याच्या पाठीवर ७,२०० ग्रॅम होतात आणि तिच्या पाठीवर ५,३५०. दोघांचेही ओझे आपापल्या वजनाच्या नवव्या-दहाव्या हिश्शाच्या आसपास येते. नवशिक्याला एवढे ओझे सहज पेलते. ती जर त्याच्याहून दणकट असेल तर वाटणी उलटी करावी; त्यात कमीपणा कसला? वाटेत पाणी आणि शिदोरी संपत जाते, तसा दर तासाने हिशेब थोडा बदलतो. थकलेल्याच्या पिशवीतून पाणी आधी प्यावे, म्हणजे ओझे आपोआप त्याच्याकडून उतरते.

पण वजनकाट्यावर न दिसणारेही एक ओझे असते. सहलीची यादी कोण करतो, दशम्या पहाटे उठून कोण लाटतो, मुक्कामी पोहोचल्यावर चूल कोण फुंकतो आणि परतल्यावर भिजलेले कपडे कोण धुतो? रजा दोघांची आणि काम एकटीचे, असे झाले तर तिच्या दृष्टीने ती सुटी नसून जादा पाळी आहे, आणि तीही बिनओव्हरटाइमची. गावातल्या घरी जेवण सांगावे, असे आम्ही म्हणतो ते केवळ शेगडीचे वजन वाचावे म्हणून नव्हे. आदल्या रात्री दोघांनी बसून यादी करावी, शिदोरी दोघांनी बांधावी आणि पिशवी ज्याची त्याने भरावी. आपली वस्तू कोठे आहे हे दुसऱ्याला विचारावे लागू नये.

पिशवी भरण्याचीही रीत आहे. मशीनवरचा जड जॉब उचलताना आपण तो छातीशी धरतो, हात लांब करून धरीत नाही. कारण अंगापासून वजन जितके दूर, तितका कमरेवर ताण अधिक. पाठपिशवीला हाच नियम लागू आहे. चादर तळाशी, पाणी आणि शिदोरी यांसारख्या जड वस्तू पाठीला चिकटून मधोमध, कपडे बाहेरच्या अंगाला, आणि बॅटरी, औषधे, टोपी अगदी वर. पट्टे आवळून घ्यावेत, पिशवी पाठीवर झुलू देऊ नये. कमरेला पट्टा असेल तर तो जरूर बांधावा. त्यामुळे भार खांद्यांवरून कमरेच्या हाडांवर उतरतो. हातात काही घेऊ नये. चादर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळावी, कारण ओली चादर म्हणजे दुप्पट ओझे आणि झोपेचे खोबरे.

हलके जाणे म्हणजे निष्काळजीपणे जाणे नव्हे. पाणी, बॅटरी, गरम कपडा, मीठ-साखरेची पुडी, पट्टी, नेहमीची औषधे, ओळखपत्र आणि सुटे पैसे यांना कधीही लाल चिठ्ठी लावू नये. रानात मोबाइलला सर्वत्र रेंज मिळत नाही. म्हणून कोणत्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार हे चिठ्ठीवर लिहून शेजारी ठेवावे. बॅटरी माणशी एक हवी, कारण अंधारात वाटेवर साप असू शकतो आणि दोघे नेहमीच हातभर अंतरावर असतात असे नाही. उन्हाळ्यात गेल्यास चादर एकच पुरेल, पण पाणी माणशी एक लिटर वाढवावे. पहिलाच मुक्काम ऐन पावसात मात्र करू नये; धुके, निसरड्या वाटा आणि ओले कपडे यांना थोडा सराव लागतो.

सराव घराजवळच होतो. भरलेली पिशवी भंगारवाल्याच्या टांगत्या काट्यावर तोलून घ्यावी आणि आधीच्या सुटीला ती घेऊन घोरावडेश्वराची लेणी किंवा इंदुरीजवळचा भंडारा डोंगर चढून उतरावे. दोन तासांत कोठे काचते, काय टोचते, कोणते बूट चावतात ते सगळे कळते. परत आल्यावर पुन्हा एकदा यादी पाहावी. आणखी दोन-तीन चिठ्ठ्या लाल होतील.

कोणी म्हणेल, चांगले सामान महाग असते, ते आपल्याला कसे परवडावे? अमेरिकेत १९५५ साली एमा गेटवूड नावाच्या ६७ वर्षांच्या बाईंनी साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास लांबीची अपालाची डोंगरवाट एकटीने चालून पूर्ण केली. त्या अकरा मुलांच्या आई होत्या. त्यांच्याजवळ घरी शिवलेली एक झोळी, साधे कापडी बूट आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा एवढेच होते. आणि इतके दूर तरी कशाला जावे? देहू-आळंदीहून दरवर्षी लाखो माणसे पंढरीची वाट चालतात. त्यांचे मोठे सामान दिंडीच्या ट्रकमधून जाते हे खरे, पण खांद्यावरच्या पडशीत दिवसभराचे काय लागते आणि काय लागत नाही, याचे ज्ञान आपल्याच गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या वारकरीण आजींना असते. निघण्यापूर्वी त्यांना विचारून पाहावे. हलके होण्याला पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते जड होण्याला.

अखेरची गोष्ट. पाठीवरचे ओझे कमी का करावयाचे? लवकर पोहोचण्यासाठी नव्हे. उत्पादनाचा वेग वाढवावयाचा तो कारखान्यात वाढवतातच. ओझे कमी करावयाचे ते अशासाठी की चालताना दम उरावा, दम उरला तर बोलता यावे, आणि पाळ्यांच्या फेऱ्यात जे बोलावयाचे राहून जाते ते एकमेकांना सांगता यावे. ज्या पिढ्यांनी ही सुटी मिळवून दिली, त्यांतल्या फार थोड्यांना ती डोंगरात घालवता आली. आपल्याला ती मिळाली आहे. ती आपल्याच सामानाखाली दडपून टाकू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.